घराचं कुठलं काम परवानगी मागतं आणि कुठलं नाही

घराचं काम काढलं की आधी टाइल्सचे रंग बघितले जातात, मग मिस्त्री शोधला जातो, मग पैशांची जुळवाजुळव, आणि परवानगीचा विषय निघतो तेव्हा अर्धी भिंत पाडून झालेली असते. कारण बहुतेकांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली असते की नवीन घर बांधायचं तर परवानगी लागते, आपण काय, जरा रिनोव्हेशन करतोय. इथेच घोळ होतो. काम किती मोठं आहे किंवा खर्च किती आहे हे बघण्याआधी बघायचं असतं ते हे की काम इमारतीच्या नेमकं कशाला हात लावतंय. महागातलं महाग फर्निचर, फॉल्स सीलिंग, नवी कपाटं हे सगळं बऱ्याच ठिकाणी कोणाला न विचारता करता येतं आणि तिकडे एक पाइप न्यायला स्लॅबला छोटंसं भोक पाडायचं असेल तर आधी इंजिनियरला विचारावं लागू शकतं, कारण काही स्लॅबमधे ताणलेल्या स्टीलच्या केबल्स असतात (पोस्ट-टेन्शन म्हणतात त्याला) आणि ड्रिल त्यातल्या एकीवर बसलं तर स्लॅबची ताकद जाते, शिवाय ड्रिल मारणाऱ्याच्या जिवालाही धोका असतो.

नियम प्रत्येक देशात, राज्यात, कधीकधी शेजारशेजारच्या दोन गावांतसुद्धा वेगळे असतात, त्यामुळे खाली जे आकडे येतील ते उदाहरणं म्हणूनच घ्या, आपल्या ऑफिसात जाऊन तेच ऐकवू नका. पण नियमांमागचा विचार जवळपास सगळीकडे सारखा आहे आणि तो एकदा कळला की आपलं काम कुठल्या बाजूला पडतं याचा अंदाज घरी बसून येतो.

सोपं आधी उरकून टाकू. रंग, वॉलपेपर, फरशी बदलणं, कार्पेट, कपाटं, किचनचा ओटा, म्हणजे फक्त वरवरचं फिनिशिंग, याला सहसा परवानगी लागत नाही. अमेरिकेत इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड नावाची एक नमुना नियमावली आहे, तिथली बरीच राज्यं आणि शहरं तिच्यात थोडेफार बदल करून आपापले नियम बनवतात, तर तिच्यात अशा परवानगी न लागणाऱ्या कामांची यादीच दिलेली आहे. वरच्या सगळ्या गोष्टी त्यात आहेत, शिवाय घरापासून सुटी असलेली 200 चौरस फुटांपर्यंतची एकमजली शेड, 7 फुटांपर्यंतचं कुंपण, आणि 4 फुटांपर्यंतची माती अडवणारी भिंत.

आता कुंपणाला 7 फूट आणि माती अडवणाऱ्या भिंतीला फक्त 4, असं का? कुंपणावर फक्त वारा येतो, पण मातीची भिंत रात्रंदिवस ढकलली जात असते. मातीचा दाब खोलीबरोबर वाढत जातो, त्यामुळे भिंतीची उंची दुप्पट केली की तिच्यावरचा एकूण रेटा चौपट होतो आणि तिला उलथवणारा जोर जवळजवळ आठपट. वरून पावसात माती भिजली आणि पाणी निघायला भिंतीत वाट ठेवलेली नसेल तर पाण्याचा दाब वेगळा. आणि हे 4 फूट जमिनीच्या वर दिसणारे नाहीत बरं का, पायाच्या तळापासून वरच्या टोकापर्यंत मोजायचे. भिंतीच्या मागे जमिनीवर अजून काही ओझं असेल, म्हणजे गाड्या उभ्या राहतात वगैरे, तर ही सूटसुद्धा नाही. म्हणजे आकडा लहरीवर ठरवलेला नाहीये, त्यामागे सरळ फिजिक्स आहे. नियम वाचताना हे डोक्यात ठेवलं तर नियम कमी चीड आणतात.

खरा विषय वजनाचा. घराचा मजला डिझाइन करताना माणसं, फर्निचर, सामान यांच्यासाठी दर चौरस मीटरला साधारण दीडशे ते दोनशे किलो वजन धरलेलं असतं. आता गच्चीवर बाग करायची म्हणून फूटभर माती पसरली तर? ओली माती एका घनमीटरला पावणेदोन-दोन टन भरते, म्हणजे फूटभर थराचेच चौरस मीटरला साडेपाचशे-सहाशे किलो, झाडं आणि माणसं अजून धरलेलीच नाहीत. हजार लिटरची पाण्याची टाकी म्हणजे एक टन, आणि तो सगळा एक-दीड चौरस मीटरात. खोलीचे दोन भाग करायला साडेचार इंची विटांची भिंत छतापर्यंत घातली की तिच्या दर मीटर लांबीला सहाशे-सातशे किलो, प्लॅस्टर सोडून. खाली बीम असेल तर वेगळी गोष्ट, पण नुसत्या स्लॅबच्या मधोमध अशी भिंत उभी करणारे लोक आहेत आणि वर म्हणतात की भिंत पाडली तर नाही ना, घातलीच आहे, त्यात काय परवानगी घ्यायची. ओझं वाढवणं हे आधार काढण्याइतकंच गंभीर आहे हे लोकांना पटत नाही. (जाता जाता, जुन्या फरशीवर दुसरी फरशी बसवायला सहसा परवानगी लागत नाही, पण सिमेंट-वाळूच्या मसाल्याच्या जाड थरासकट तीसुद्धा चौरस मीटरला शंभरेक किलो वाढवू शकते. अशा दोन-तीन फरश्या एकावर एक असतील तर आधीच्या काढूनच घ्या.)

दक्षिण कोरियात सेऊलला सॅमपूंग नावाचं मोठं डिपार्टमेंट स्टोअर होतं, ते 29 जून 1995 ला कोसळलं आणि 502 माणसं गेली. त्याची गोष्ट वाचली की परवानगीतले सगळे प्रश्न एकाच इमारतीत दिसतात. मूळ प्लॅन चार मजल्यांचा आणि रहिवासी इमारतीचा होता. मग तिथे दुकान करायचं ठरलं, एस्कलेटरसाठी जागा हवी म्हणून काही कॉलम काढले, वर पाचवा मजला चढवला. ज्या कंपनीने या बदलांना नकार दिला तिला काढून टाकलं आणि काम दुसऱ्यांकडून करून घेतलं. पाचव्या मजल्यावर रेस्टॉरंट आली, त्यांची जमीन गरम ठेवायला स्लॅब जाड झाला. शेवटी गच्चीवरचे एसीचे अवजड युनिट क्रेनने न उचलता रोलरवरून ओढत दुसरीकडे नेले आणि त्या वाटेवर तडे पडले. यातला एकेक बदल वेगळा काढून बघितला तर कोणीही म्हणेल की एवढ्याने काय होतंय. परवानगीच्या प्रक्रियेत म्हणूनच नुसता नवीन बदल न दाखवता आख्ख्या इमारतीचा नकाशा मागतात आणि इंजिनियरची सही मागतात, कोणीतरी एकाने सगळी बेरीज करायला हवी असते. आणि म्हणूनच मोठ्या कामाचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकडा 'किरकोळ' म्हणून दाखवायचा जो जुगाड असतो तो नियमात बसला तरी मला डेंजर वाटतो.

भिंत पाडायची असेल तर पहिला प्रश्न की ही भिंत वजन पेलतेय का. ठोकून, पोकळ वाजतेय का बघून हे कळत नाही, मिस्त्री कितीही छातीठोक सांगू दे. जुन्या विटांच्या किंवा दगडी घरात बऱ्याच भिंती वजन पेलतात. कॉलम-बीमच्या घरात मधल्या भिंती सहसा नुसत्या आडोशाच्या असतात, पण तिथेही एक मेख आहे, या भिंती इमारतीला आडव्या हलण्यापासून थोडं आवरून धरतात, त्यामुळे तळमजल्यावरच्या सगळ्या भिंती काढून शोरूम किंवा पार्किंग केलं आणि वरचे मजले भिंतींनी भरलेले राहिले की तळमजला बाकीच्यांपेक्षा लेचापेचा होतो. इंजिनियर याला सॉफ्ट स्टोरी म्हणतात आणि भूकंपात अशा इमारती नेमक्या त्याच मजल्यावर बसतात. तिसरा प्रकार म्हणजे तयार काँक्रीटच्या पॅनेलच्या इमारती, तिथे भिंत हाच कॉलम. लंडनमधे रोनन पॉइंट या 22 मजली इमारतीत 16 मे 1968 ला अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, स्फोट खूप मोठा नव्हता, पण वजन पेलणारी भिंत बाहेर फेकली गेली आणि कोपऱ्याचे मजले एकावर एक कोसळत गेले. चार माणसं गेली. त्यानंतर ब्रिटनमधे नियम बदलले की एका जागी नुकसान झालं तर त्याच्या मानाने अवाढव्य भाग कोसळता कामा नये.

तर भिंत काढणं, रुंद दार-खिडकी पाडणं, बीम-कॉलमला हात लावणं, जिना हलवणं, मजला चढवणं, बाल्कनी आत घेणं, या सगळ्याला परवानगी लागणार असं धरूनच चला आणि लागत नाही असं लेखी कळलं तर आनंद माना.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे आग आणि बाहेर पडायची वाट. यात लोकांना परवानगी का हवी हेच कळत नाही कारण इमारत पडत वगैरे नसते. स्टोअर रूमची बेडरूम करायची, एवढंच तर काम. पण माणूस झोपणार म्हटल्यावर प्रश्न बदलतो, रात्री धुराने दार अडलं तर तो खिडकीतून निघू शकेल का. मघाच्याच अमेरिकन नियमावलीत झोपायच्या खोलीला बाहेर पडता येईल अशी खिडकी किंवा दार लागतं, साधारण 5.7 चौरस फूट मोकळी जागा उघडणारं, आणि खिडकीची खालची कड जमिनीपासून 44 इंचांपेक्षा वर नको. फिक्स ग्रिल लावली की हे सगळं गेलं. तसंच पॅसेजमधे कपाट करून घेणं, जिन्याखाली स्टोरेज, फ्लॅटचं मुख्य दार बदलणं, हे शेवटचं तर निरुपद्रवी वाटतं पण बऱ्याच इमारतींत ते दार ठराविक वेळ आग थोपवणारं असतं आणि आपण त्याच्या जागी छान दिसणारं साधं दार बसवतो.

बाहेरून क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवर पॅनेलचं आवरण, लावणंही त्यातलंच. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला रिनोव्हेशनमधे बाहेरून जे पॅनेल लावले ते जळणारे होते, 14 जून 2017 ला आग लागली आणि 72 माणसं गेली. आणि इथे एक कडू गोष्ट सांगायलाच हवी, त्या कामाला परवानगी होती, तपासणी होऊन काम पूर्ण झाल्याचा दाखलाही मिळाला होता. म्हणजे कागद मिळाला की घर सुरक्षित असं काही नसतं. परवानगीने कोणीतरी दुसऱ्याने बघायची एक संधी मिळते, ती नीट वापरली गेली तरच उपयोग.

वायरिंग, प्लंबिंग, गॅस याबद्दल फार लांबवत नाही. बल्ब, नळ, स्विच तसाच्या तसा बदलायला सहसा काही लागत नाही. नवीन सर्किट टाकणं, मेन बोर्ड बदलणं, गॅसची लाइन हलवणं, बाथरूम एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं याला बऱ्याच ठिकाणी वेगळी परवानगी किंवा निदान लायसन्सवाल्या माणसाचं सर्टिफिकेट लागतं. बाथरूम सरकवताना लोक नळाचा विचार करतात, ड्रेनेजचा करत नाहीत, सांडपाण्याच्या पाइपला उतार द्यावा लागतो आणि तो उतार द्यायला जाडी लागते, ती मग स्लॅब फोडून काढली जाते किंवा खालच्याच्या छतातून.

आणि आता असा प्रकार ज्यात एकही वीट हलत नाही तरी परवानगी लागते, वापर बदलणं. घराचं क्लिनिक, गॅरेजची भाड्याची खोली, ऑफिसचं गोडाऊन. बांगलादेशात ढाक्याजवळ सावरला राना प्लाझा 24 एप्रिल 2013 ला कोसळलं, 1,134 माणसं गेली. इमारत दुकानं आणि ऑफिसांसाठी होती, त्यात कपड्यांचे कारखाने आले, शेकडो मशीन आणि वर अवजड जनरेटर आले, सगळ्याची थरथर आली, वरचे मजले तर मंजुरीशिवायच चढवलेले. आदल्या दिवशी तडे दिसले होते, खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपली माणसं बाहेर ठेवली, कारखान्यातल्या लोकांना मात्र आत बोलावलं गेलं. आणि एक बारीक पण महत्त्वाचं, तिथे मिळालेली मंजुरी अशा ऑफिसची होती ज्याला ती द्यायचा अधिकारच नव्हता. म्हणजे परवानगी आहे का एवढं विचारून भागत नाही, कोणाची आहे तेही बघायचं.

हा 'कोणाची' प्रश्न फ्लॅटवाल्यांना जास्त छळतो. सोसायटीने हो म्हटलं म्हणजे सरकारी परवानगी मिळाली असं नाही, आणि सरकारी परवानगी मिळाली म्हणून सोसायटीचे नियम संपले असंही नाही. सरकारी बाजूलाही दोन वेगळे प्रश्न असतात, एक म्हणजे इथे बांधू शकता का, किती उंच, हद्दीपासून किती सोडून, आणि दुसरा म्हणजे जे बांधताय ते नीट बांधताय का. काही ठिकाणी दोन्ही एकाच अर्जात उरकतात, काही ठिकाणी खिडक्याच वेगळ्या. इंग्लंडमधे घराच्या मागे एकमजली खोली काढायची असेल तर ठराविक अटींत, सुट्या घराला 4 मीटरपर्यंत आणि बाकीच्यांना 3 मीटरपर्यंत, प्लॅनिंगचा अर्ज करावा लागत नाही, पण बिल्डिंग रेग्युलेशन, म्हणजे नीट बांधायचे नियम, मात्र लागू होतातच. लोक पहिलं ऐकून खूश होतात आणि दुसरं विसरतात. जुनी वारसा यादीतली वास्तू असेल तर तिथे आतलं जुनं दार बदलायलासुद्धा संमती लागू शकते, तिथे वरचे सगळे अंदाज बाजूला ठेवा. पाडकामालाही बऱ्याच ठिकाणी वेगळी परवानगी असते, जुन्या इमारतीत अ‍ॅस्बेस्टॉस (पत्र्यांत वगैरे वापरलेलं तंतूंचं खनिज, श्वासातून गेलं की घातक) निघू शकतं आणि ते फोडलं की हवेत जातं.

दुरुस्तीचं काय? जे होतं तसंच, त्याच जागी, त्याच मापाचं बदललं तर बहुतेक नियमांत ती दुरुस्ती धरतात आणि सूट असते. पण कुजलेला पत्रा काढून स्लॅब टाकला तर ती दुरुस्ती नाही, नाव काहीही द्या. आणि खरोखरची इमर्जन्सी असेल, पाइप फुटलाय, छत लोंबतंय, तर आधी काम करा असंच नियमसुद्धा म्हणतात, त्या अमेरिकन नियमावलीत तर पुढच्या कामाच्या दिवशी अर्ज द्या एवढीच अट आहे. फोटो मात्र काढून ठेवा, आधीचे आणि नंतरचे.

परवानगी म्हणजे फक्त सुरुवातीचा शिक्का असं समजू नका, खरी किंमत मधल्या तपासण्यांना असते. पाया भरायच्या आधी, स्टील बांधून झाल्यावर पण काँक्रीट पडायच्या आधी, वायरिंग-पाइप टाकून झाल्यावर पण प्लॅस्टरच्या आधी. या वेळा अशा का तर त्यानंतर ते काम झाकलं जातं आणि मग आत दहा मिलिमीटरची सळी आहे की आठची हे बाहेरून दिसत नाही. म्हणून ठेकेदाराला घाई असली तरी तपासणी न होता काँक्रीट टाकू देऊ नका, नंतर अधिकारी म्हणाला की उघडून दाखवा तर तो खर्च कोणाचा यावरून जे भांडण होतं ते बघवत नाही.

परवानगी न घेता केलं तर? काम थांबवायची नोटीस, दंड, जास्तीची फी, कधी पाडायचा आदेश, हे सगळ्यांना माहीत असतं. कमी माहीत असतं ते हे की घर विकताना मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष घर जुळत नाही म्हणून बँक कर्जाला अडते, आणि आग-पाण्याचं नुकसान झालं तर इन्शुरन्सवाल्याला हात वर करायला आयतं कारण मिळतं. यावर लोक म्हणतात की नंतर रेग्युलराइज करून घेऊ. काही वेळा होतंही. पण तुर्कस्तानात 2018 मधे सरकारने पैसे भरून बेकायदा बांधकामं नियमित करून दिली होती, लाखो लोकांनी फायदा घेतला, आणि फेब्रुवारी 2023 च्या भूकंपानंतर त्याच माफीवर जोरदार टीका झाली. पैसे भरून कागद सरळ होतो, कॉलममधलं स्टील वाढत नाही.

अर्ज करताना कोणाच्या नावावर करायचा हे बघा. जिथे ठेकेदार किंवा इंजिनियरने सही करायची पद्धत आहे तिथे तो जर म्हणाला की तुम्हीच स्वतःच्या नावाने काढा, मला मधे घेऊ नका, तर त्याला लायसन्स आहे का ते आधी विचारा. आणि 'इथे काही लागत नाही हो, सगळे असंच करतात' हे जो म्हणेल त्याला तेवढंच एक वाक्य लिहून सही करून द्यायला सांगा, बहुतेक वेळा सूर बदलतो. चौकशीला जाताना नुसतं 'रिनोव्हेशन करतोय' म्हणू नका, त्यावर मोघम उत्तर मिळतं. कुठली भिंत, किती रुंद दार, बाथरूम कुठून कुठे, खोलीचा वापर आधी काय आणि नंतर काय, हे एका कागदावर साध्या रेघांनी काढून न्या, उत्तर लेखी मागा, निदान ईमेलवर.

आणि परवानगी हातात आली की तारीख बघा, तिला मुदत असते. त्या अमेरिकन नियमावलीप्रमाणे मंजुरीनंतर 180 दिवसांत काम सुरू झालं नाही किंवा सुरू होऊन तेवढे दिवस बंद पडलं तर परवाना रद्द होतो, इतर ठिकाणी मुदत वेगळी असते पण असते बहुतेक सगळीकडे. पैसे कमी पडले म्हणून काम मधेच थांबवलं तर संपायच्या आधी मुदतवाढ मागायची, संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागू शकतो आणि तोपर्यंत नियम बदलले असले तर नवीन नियमाने.